सरकारी कचेरीत नव्याने रुजू होताना: कार्यालयाची रीत कशी ओळखायची

निवड यादीत नाव लागलं, कागदपत्रांची तपासणी झाली, नेमणुकीचा आदेश हातात आला. आता तुम्ही तहसील कार्यालयात, जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेत लिपिक म्हणून रुजू होणार. परीक्षेसाठी तुम्ही राज्यघटना, पंचायत राज, चालू घडामोडी पाठ केल्यात. पण पहिल्या सोमवारी टेबलावर बसल्यावर जे लागतं, ते त्या अभ्यासक्रमात नव्हतं. कागद कुणाकडून कुणाकडे जातो, साहेबांपुढे थेट जायचं की अव्वल कारकुनांमार्फत, म्हणजे लिपिकाच्या वरच्या पायरीवरच्या माणसामार्फत, कुणाला काय म्हणून हाक मारायची, आणि "आपल्याकडे असंच असतं" हे उत्तर मिळालं तर त्याचं काय करायचं, हे कुणी बसवून शिकवत नाही. बरीच हुशार मुलं पहिल्या वर्षातच एक तर खट्टू होतात, नाहीतर समोर दिसेल ते सगळं उचलतात. दोन्ही टाळता येतं. त्यासाठी हा क्रम.

मी महसूल खातं डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम, शिक्षण किंवा कृषी विभागात पदनामं बदलतील. कागदाची चाल मात्र बरीचशी हीच असते.

आधी मनात तीन खण करा

कार्यालयात जी गोष्ट वारंवार होताना दिसेल, ती तीनपैकी एका खणात पडते: नियम, रीत किंवा खोड.

नियम कुठेतरी लिहिलेला असतो. कायद्यात, सेवा नियमांत, शासन निर्णयात, परिपत्रकात. आलेल्या प्रत्येक टपालाची आवक नोंद करायची, हा नियम.

रीत लिहिलेली असेलच असं नाही, पण तिच्यामुळे काम सुरळीत चालतं. नस्ती, म्हणजे फाइल, सादर करताना महत्त्वाच्या पानांना पताका लावणं, जुना आदेश जोडताना त्याच्या नेमक्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलने खूण करणं, साहेब दौऱ्यावर निघण्याआधी तातडीच्या सह्या घेऊन ठेवणं, या रीती. नव्या माणसाने त्या आनंदाने शिकाव्यात. त्यांच्यामागे कित्येक वर्षांचा अनुभव असतो.

खोड म्हणजे जे लिहिलेलंही नाही आणि कामाचंही नाही. दाखल्यासाठी आलेल्या माणसाला आज एक कागद कमी सांगायचा, तो घेऊन आला की पुढच्या आठवड्यात दुसरा सांगायचा, ही खोड. त्रुटी एकाच वेळी, एकाच पत्रात कळवता येतात. अर्ज घेऊन पोच न देणं, ही दुसरी खोड.

ओळखायचं कसं? पहिला प्रश्न नम्रपणे विचारायचा: "रावसाहेब, याचा जीआर कुठला बघू?" जीआर, म्हणजे शासन निर्णय, निघाला तर तो नियम. नाही निघाला, तर दुसरा प्रश्न स्वतःलाच विचारायचा: यामुळे कुणाचं काम सोपं होतं? टिपणी वाचणाऱ्याचं, पुढच्या टेबलाचं, अर्जदाराचं सोपं होत असेल तर ती रीत. फक्त त्या एका खुर्चीवरच्या माणसाचं सोपं होत असेल तर ती खोड. पुढची प्रत्येक पायरी या तीन खणांच्या आधारानेच चढायची आहे.

एक काळजी घ्या. "जीआर आहे" असं तोंडी सांगितलं म्हणून तो असतोच असं नाही, आणि असला तरी चालू असेलच असं नाही. शासन निर्णयावर संगणक संकेतांक छापलेला असतो. त्यावरून शासनाच्या संकेतस्थळावर मूळ प्रत मिळते. ती उघडा, विषय आणि दिनांक बघा, नंतरच्या निर्णयाने तो अधिक्रमित झाला आहे का, म्हणजे त्याची जागा दुसऱ्याने घेतली आहे का, ते तपासा. महिन्याभरात आपल्या टेबलाचे दहा-बारा मुख्य शासन निर्णय छापून एका संचिकेत लावलेत, तर जुनी माणसंसुद्धा तुमच्याकडे विचारायला येतील.

पहिला दिवस

रुजू अहवाल दोन प्रतींत न्या. मध्यान्हपूर्व रुजू झालात की मध्यान्होत्तर, ते लिहा. एका प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेऊन ती घरी जपून ठेवा. आस्थापना शाखेतल्या लिपिकाची ओळख करून घ्या. तुमचं सेवापुस्तक, वैद्यकीय प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणी, जात वैधता हे सगळं त्यांच्या हातातून जाणार आहे. सेवापुस्तकाचं पहिलं पान भरलं जाईल तेव्हा शेजारी उभे राहून नावाचं लेखन आणि जन्मतारीख अक्षरी बघून घ्या. तिथली चूक निवृत्तीच्या वेळी फार महाग पडते.

वेळेबद्दल सरळ सांगतो. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि त्याबरोबर कामाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ झाली, शिपाई वर्गासाठी ९.३० ते ६.३०. जेवणाची सुट्टी दुपारी एक ते दोनच्या दरम्यान, तीही जास्तीत जास्त अर्धा तास. तुम्ही जिथे जाल तिथे कदाचित साडेदहापर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतील. तो खण कुठला ते तुम्हाला कळतंच आहे. तुम्ही पावणेदहाला बसा. कुणाला त्याबद्दल बोलून दाखवू नका, उशिरा येणाऱ्यांकडे घड्याळ बघत बसू नका. सकाळचा तो शांत अर्धा तास जुन्या नस्ती वाचायला मिळतो, तेवढं पुरे.

हाका आणि उतरंड

पदनामं आदेशात एक असतात आणि व्हरांड्यात दुसरी. तहसीलदारांना "साहेब" किंवा "मॅडम". नायब तहसीलदार आणि अव्वल कारकून यांना बऱ्याच ठिकाणी "रावसाहेब" म्हणतात. लिपिकाला "भाऊसाहेब". तलाठ्याला कुठे "तात्या", कुठे "आप्पा", तर विदर्भात लोक आजही "पटवारी" म्हणतात आणि लिपिकाला "बाबू". अलीकडे तलाठी हे पद ग्राम महसूल अधिकारी झालं, अव्वल कारकून हे सहायक महसूल अधिकारी. कागदावर नवं पदनाम लिहा, बोलण्यात जे रुळलं आहे ते चालू द्या. वयाने मोठ्या शिपायांना "मामा" किंवा "काका" म्हणतात, सफाईला येणाऱ्या बाईंना "मावशी". तुमच्याहून वयाने लहान असलेल्या अधिकाऱ्याला "सर" म्हणताना जीभ अडखळली तरी म्हणा. आणि शिपायाला नुसत्या नावाने हाक मारू नका, भले तुमच्या शेजारचा मारत असो.

आता उतरंडीतली एक गोष्ट, जी आदेशात दिसत नाही. बदल्यांच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे. अधिकारी तीन वर्षांत जातात, कधी त्याआधीच. लिपिक आणि अव्वल कारकून त्याच जिल्ह्यात, बऱ्याचदा त्याच तालुक्यांच्या फेऱ्यांत राहतात. त्यामुळे निर्णयाचा अधिकार साहेबांकडे असतो आणि स्मरण कार्यालयाकडे. एखादी जमीन १९९० च्या दशकात कुणाला दिली होती, तेव्हा काय वाद झाला होता, कोणती नस्ती उच्च न्यायालयात गेली होती, हे ज्याला माहीत असतं त्याचं पद छोटं असलं तरी त्याच्या शब्दाला वजन असतं. पहिल्या महिन्यात असा माणूस कोण ते हेरा. नवा, अवघड प्रश्न आला की साहेब कुणाला बोलवायला सांगतात, त्याकडे लक्ष ठेवा. उत्तर तिथेच मिळतं.

ज्येष्ठांना ओलांडून थेट साहेबांकडे जाऊ नका. ही रीत आहे आणि चांगली रीत आहे: मधल्या टप्प्यावर चूक सापडते. अपवाद एकच, आणि तो शेवटी सांगतो.

एका कागदाचा पाठलाग करा

कार्यालय समजून घ्यायला मला याहून चांगली वाट माहीत नाही, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

परवानगी घेऊन दोन-तीन दिवस बारनिशीत, म्हणजे आवक-जावक शाखेत, बसा. तिथे आवक टपाल उघडलं जातं, शिक्का आणि क्रमांक पडतो. लोकप्रतिनिधींची पत्रं, न्यायालयाची पत्रं, वरिष्ठ कार्यालयाची अर्धशासकीय पत्रं वेगळी काढली जातात. मग डाक साहेबांपुढे जाते. साहेब कोपऱ्यात आद्याक्षरी करतात, कधी एक-दोन शब्द लिहितात: "बोला", "तात्काळ", "नियमानुसार", "पुढील सोमवारी ठेवा". हे शब्द नीट वाचायला शिका. "बोला" म्हणजे टिपणी लिहिण्याआधी समक्ष चर्चा हवी आहे. नुसती टिपणी घेऊन गेलात तर नस्ती परत येईल.

तिथून कागद संबंधित संकलनाकडे, म्हणजे तो विषय सांभाळणाऱ्या टेबलाकडे, जातो. लिपिक तो कार्यविवरण नोंदवहीत घेतो, ज्याला सगळे वर्कशीट म्हणतात. मग टिपणी, मग अव्वल कारकून, नायब तहसीलदार, तहसीलदार. मान्यता मिळाली की मसुदा, मसुदा मंजूर झाला की स्वच्छ प्रत, सही, जावक क्रमांक, रवानगी. यातला एक कागद निवडा, शक्यतो साधा, आणि तो बाहेर पडेपर्यंत रोज तो कुठे आहे ते बघा. कुठल्या टेबलावर तो दोन तास होता, कुठल्या टेबलावर नऊ दिवस? नऊ दिवस का? माणूस रजेवर होता, अहवाल आला नव्हता, की निर्णय घ्यायची भीती होती? तीन कारणांना तीन वेगळे उपाय असतात आणि कार्यालयाचा स्वभाव या कारणांतच दडलेला असतो.

ज्या २००५ च्या कायद्याचा वर उल्लेख केला, त्याच्या नावात बदल्यांबरोबर विलंबास प्रतिबंध हेही आहे. कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त प्रलंबित राहू नये, असं तो सांगतो. बदलीचं कलम सगळ्यांना पाठ असतं. सात दिवसांचं कलम फार थोड्यांना. तुम्ही ते लक्षात ठेवा.

आता अभिलेख कक्षात जा आणि तुमच्या टेबलाशी संबंधित बंद झालेल्या पाच-सहा नस्ती मागून घ्या. डावीकडे टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार. टिपणीत "पृष्ठ ४७/प.वि. कृपया पहावे" असं दिसलं (प.वि. म्हणजे पत्रव्यवहार विभाग) की उजवीकडचं सत्तेचाळिसावं पान काढून बघा. सह्यांखालच्या तारखा वाचा. कुणी स्वतःचं मत लिहिलं, कुणी फक्त "सादर" लिहून पुढे ढकललं, कुठे कुणी असहमती नोंदवली आणि तिचं पुढे काय झालं, हे सगळं त्या पानांवर आहे. ज्या कार्यालयात कनिष्ठाने नोंदवलेलं वेगळं मत वरिष्ठांनी शांतपणे वाचून, कारण देऊन फेटाळलेलं किंवा मान्य केलेलं दिसेल, ते कार्यालय निरोगी समजा. जिथे सगळ्या टिपण्या एकाच सुरात, एकाच वाक्यात संपतात, तिथे मतं तोंडी सांगितली जातात आणि कागदावर येत नाहीत. अशा ठिकाणी अधिक सावध राहावं लागतं.

ई-ऑफिस आलेल्या कार्यालयात ही तारखांची साखळी संगणकच ठेवतो आणि कागद कुठे अडकला ते लपत नाही. तरी चर्चा आधी होते आणि नोंद नंतर, हे तिथेही तसंच आहे. म्हणून स्क्रीनसमोर बसून सगळं कळेल असं समजू नका.

टिपणी लिहायला शिका, आणि काय लिहायचं नाही तेही

चांगल्या टिपणीत विषय, मागणी, वस्तुस्थिती, लागू असलेला नियम, पूर्वी अशा प्रकरणात काय केलं ते, आणि शेवटी प्रस्ताव असतो. प्रस्ताव नसलेली टिपणी म्हणजे अर्धं काम. "आदेशार्थ सविनय सादर" एवढं लिहून साहेबांवर सोडून द्यायची सवय लावून घेऊ नका. "सबब, अमुक नियमानुसार परवानगी देणे योग्य राहील, मान्यतेस्तव सादर" असं लिहायची हिंमत ठेवा. प्रस्ताव नाकारला गेला तरी तुमचा अभ्यास दिसतो.

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मध्ये आला, तेव्हापासून तुमची टिपणी अर्जदारही वाचू शकतो. अर्जदाराबद्दल शेरे, ऐकीव गोष्टी, जात-पक्षाचे उल्लेख कागदावर येऊ देऊ नका. खरं तर मनातही नकोत.

तोंडी आदेश हा नाजूक विषय आहे. "करून टाका, मी बघतो" असं वरिष्ठ म्हणतात आणि बहुतेक वेळा त्यांचा हेतू काम लवकर व्हावं हाच असतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार वरिष्ठांचे निदेश सर्वसाधारणपणे लेखी असावेत आणि तोंडी द्यावे लागले तर नंतर लेखी कायम व्हावेत. "साहेब, लेखी द्या" असं तोंडावर म्हणायची गरज नसते. टिपणीत लिहा: "दिनांक अमुक रोजी झालेल्या चर्चेत दिलेल्या निदेशांनुसार प्रस्ताव सादर." साहेबांनी त्याखाली सही केली की निदेश लेखी झाला. त्यांनी ते वाक्य खोडायला सांगितलं, तर तुम्हाला जे कळायचं ते कळलं. मग घाई करू नका.

टेबल लावा

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या अहमदनगरचे, आजच्या अहिल्यानगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतल्या कागदांचे ढीग उपसून एक शिस्त घातली. ती लखिना पॅटर्न म्हणून राज्यभर ओळखली गेली. तिचा गाभा म्हणजे सहा गठ्ठे: कार्यवाही करायची प्रकरणं, उत्तराची वाट पाहत असलेली प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं म्हणजे ठरावीक काळाने पाठवायची विवरणपत्रं, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायच्या नस्ती, आणि नष्ट करायची 'ड' वर्गातली कागदपत्रं. अभिलेखांचं वर्गीकरणही ठरलेलं आहे: 'अ' कायम जतन, 'ब' तीस वर्षं, 'क-१' दहा वर्षं, 'क' पाच वर्षं, 'ड' एक वर्ष.

तुमच्या आधीच्या माणसाने हे पाळलं असेल तर तुम्ही नशीबवान. नसेल, तर चार्ज घेतानाच चार्ज यादी नस्तीनिहाय करा. "एक कपाट कागदपत्रांसह" अशा यादीवर सही करू नका. हरवलेल्या नस्तीची जबाबदारी शेवटी सही करणाऱ्यावर येते. हे सांगताना समोरच्याला दुखवायचं कारण नाही: "भाऊसाहेब, मी नवीन आहे, मला सापडायला सोपं जाईल, आपण दोघं मिळून यादी करू" एवढं पुरतं. मग गठ्ठे बांधायला घ्या. एका शनिवारी परवानगी काढून बसलात तर पुढचं वर्ष हलकं जाईल. टेबल लावलेल्या लिपिकाकडे कार्यालयाचं बघणं आपोआप बदलतं, तो नवा असला तरी.

कार्यालयाचं वर्ष

महसूल वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ जुलैला संपतं. १ ऑगस्ट हा महसूल दिन. आर्थिक वर्ष मात्र मार्चअखेरीचं, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोषागाराकडे जाणाऱ्या देयकांपुढे बाकी सगळं थांबतं. त्या आठवड्यात लेखा शाखेकडे साधी माहिती मागायलाही जाऊ नका. पावसाळ्यात नियंत्रण कक्षाच्या पाळ्या लागतात. अतिवृष्टी झाली की पंचनाम्यांसाठी सगळं कार्यालय गावोगाव पांगतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हा पातळीवर लोकशाही दिन असतो. विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं, विशेषतः डिसेंबरच्या सुमाराला नागपूरचं, की तारांकित प्रश्नाची माहिती "आजच, आत्ता" मागितली जाते आणि रात्री आठलाही फोन येतो. निवडणूक लागली की तर कामाच्या वेळा विसराव्या लागतात.

यातली तातडी खरी कुठली आणि नेहमीची आरडाओरड कुठली, हे वर्षभर पाहिल्यावरच उमजतं. तोवर विधिमंडळ, न्यायालय आणि आपत्ती या तीन शब्दांनी सुरू होणारं काम आधी करा.

चहा, वर्गणी, संघटना

साडेअकराच्या चहाला जा. बऱ्याच नस्तींचा गुंता टेबलावर सुटत नाही आणि चहाच्या वेळी दोन वाक्यांत सुटतो, कारण तिथे विचारायला संकोच नसतो. डबाही एकत्र बसून खा. वाढदिवस, निरोप समारंभ, दसऱ्याची पूजा यांची वर्गणी झेपेल तेवढी द्या. झेपत नसेल तर खजिनदाराला बाजूला घेऊन सांगा, नव्या पगाराची ओढाताण सगळ्यांनी अनुभवलेली असते. चहाला एक मर्यादा ठेवा: गैरहजर माणसाबद्दल जे बोललं जातं, त्यात भर घालू नका. तिथे ऐकलेलं दुसऱ्या टेबलावर नेऊ नका.

संघटनेत जायचं की नाही हा तुमचा निर्णय. पण तिचा इतिहास माहीत करून घ्या. १९७७-७८ चा चोपन्न दिवसांचा संप निवृत्त मंडळी अजून सांगतात. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी झालेला संप तर तुमच्या शेजारच्या टेबलाने पाहिलेला आहे. कोण कुणाशी का बोलत नाही, याचं मूळ कधीकधी अशा जुन्या दिवसांत असतं. सहा महिने कुठल्याही गटाचा शिक्का बसू देऊ नका.

आणि बदली, रजा, आवडतं टेबल यांसाठी आमदारांचं पत्र आणायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकून सोडून द्या. स्वतःच्या सेवेच्या बाबतीत बाहेरून दबाव आणणं वर्तणूक नियमांच्या विरुद्ध आहे, आणि असं पत्र तुमच्या सेवेच्या कागदांत वर्षानुवर्षं राहतं.

खोडींना नाही कसं म्हणायचं

पहिलं पाकीट बहुधा मोठं नसतं. मिठाईचा डबा, पेट्रोलचे पैसे, "चहापाण्याला" म्हणून ठेवलेली नोट. आणणारा माणूस कधी खरंच कृतज्ञ असतो, कधी दलाल असतो. उत्तर पहिल्या दिवसापासून एकच ठेवा आणि ते हसून द्या: "काम झालं ना काका, आनंद आहे, हे परत घ्या." दुसऱ्यांदा कुणी ठेवत नाही. गावात ही बातमी आठवड्यात पसरते. एकदा घेतलंत तर तीही पसरते. शेजारचा घेत असेल आणि "वाटा" म्हणून तुमच्याकडे सरकवत असेल, तर भाषण न करता नाकारा. ज्या नस्तीत असा व्यवहार दिसतो, तिथे टिपणी फक्त कागदांवर आधारून लिहा आणि तारखा चोख ठेवा. दबाव वाढला, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ नागरिकांइतकाच तुमच्यासाठीही आहे.

"उद्या या" या खोडीवर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हे औषध आहे. तुमच्या कार्यालयाच्या अधिसूचित सेवा, त्यांची मुदत, पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ती सेवा द्यायची जबाबदारी असलेला अधिकारी कोण, हे फलकावर असायला हवं. फलक जुना झाला असेल, तर तो नवा करायची टिपणी तुम्हीच मांडा. कारण नसताना सेवा नाकारली किंवा लांबवली तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून साहेबही अशा टिपणीवर चटकन सही करतात. अर्जदाराला पोच देणं आणि सगळ्या त्रुटी एकदम लेखी कळवणं, हे तुमच्या एका टेबलापुरतं आजपासून करता येतं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. दोन-तीन महिन्यांनी शेजारचं टेबल विचारतं, "तुझ्याकडे गर्दी कमी कशी?"

आता तो अपवाद, ज्यासाठी उतरंड पाळायची नाही. छळ, अश्लील बोलणं, नको असलेली सलगी याबाबत ज्येष्ठांमार्फत, क्रमाने, वाट बघत जायचं नसतं. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. नव्याने रुजू होणाऱ्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात समितीच्या अध्यक्षांचं नाव आणि त्या कुठे बसतात ते बघून ठेवावं. मुलांनीही बघून ठेवावं. एखादी सहकारी तुम्हालाच आधी सांगेल. जातीवरून टोमणे मारले जात असतील, तर "गंमत असते हो" हे उत्तर स्वीकारू नका; तारीख, वेळ आणि हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा.

मे महिन्याच्या आधी

राज्यात गट 'क' पर्यंतच्या कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५८ आहे. जुन्या पिढीतल्या अनेकांची जन्मतारीख शाळेत १ जून लावली गेली, आणि एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे रोजी एकेका कार्यालयातून तीन-चार जाणती माणसं एकदम बाहेर पडतात. निरोपाच्या दिवशी हार आणि भाषणांत काही विचारता येत नाही. म्हणून फेब्रुवारीतच आस्थापना शाखेकडून निवृत्त होणाऱ्यांची नावं घ्या आणि ज्यांच्या टेबलाचा तुमच्या कामाशी संबंध आहे त्यांच्याकडे वही घेऊन जा. कोणती प्रकरणं पुन्हा डोकं वर काढतात, कोणत्या गावच्या नोंदींत गोंधळ आहे, न्यायालयात काय चालू आहे, कोणती जुनी नस्ती कुठल्या कपाटात, कुठल्या नावाने लावली आहे, आणि वर्षानुवर्षं चालत आलेली एखादी पद्धत मुळात का सुरू झाली, एवढे प्रश्न विचारा. उत्तरं तिथेच लिहून घ्या, त्यांना वाचून दाखवा आणि त्यांचा मोबाईल क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर टिपून ठेवा.